जाऊबाईंची जीप

आमच्या जाऊबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून जीप चालवायच्या. पदर दातात धरायच्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे. कोणी हसलं तर म्हणायच्या, "काष्टा काय फक्त विहिरीचं पाणी ओढायलेच असते का?" दिसायला त्या काही खास नव्हत्या. आवाज फुटका, स्वयंपाक बेताचा. पण गाडीत बसल्या की त्यांच्या पाठीला ताठपणा यायचा. तो घरात कधी दिसला नाही.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, फौजेच्या कारखान्यात फिटर होते. कामठीला बदलीवर असताना त्यांनी लष्करी लिलावातली मोडकी जीप घेतली आणि स्वतःच्या हाताने नीट केली. सरकारी नोकराला भाड्याने चालवायची गाडी ठेवता येत नव्हती, म्हणून नागपूरला नोंदवली ती बायकोच्या नावाने. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे जबलपूरला परत आल्यावर जाऊबाईंना गाडी शिकवली तीही त्यांनीच, सदर बाजाराजवळच्या मैदानात, सगळ्यांदेखत. सासूबाईंनी तेव्हापासून मोठ्या सुनेशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की भिंतीला सांगायच्या.

सिहोऱ्याच्या पुढे बस जात नव्हती तिथे जाऊबाईंची जीप जायची. बाजारकरी, बाळंतीण, बकऱ्या, कधी वरात. चिखलात चाक फसलं की जाऊबाई आधी नवरदेवाला खाली उतरवायच्या. "दूल्हे राजा, आज सबसे ज्यादा जोर तुममें है. चलो, हाथ लगाओ."

मग राज्यं वेगळी झाली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. त्याच हिवाळ्यात भासरे छातीच्या तापाने गेले. मूल नव्हतं. जाऊबाईंकडे उरली ती जीप, आणि पोलिसांनी तीही अडवली. नंबर नागपूरचा आहे, इथला करून घ्या, तोवर रस्त्यावर आणायची नाही. गाडी अंगणात चिंचेखाली उभी राहिली. जाऊबाई रोज सकाळी ती सुरू करायच्या, थोडा वेळ धूर काढायच्या आणि बंद करायच्या. शेजारी ओरडायचे. जाऊबाई म्हणायच्या, "पडून राह्यलं की माणूस उठत नाही. गाडीचंही तसंच हाय."

कचेरीत गाडीच्या पुस्तकावर मालकिणीचं नाव होतं इंदिराबाई. जाऊबाईंचा स्वतःचा म्हणावा असा कागद एकच, चौथीचा दाखला. त्यावर गोदावरी, पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे आपल्यात कोणी समजावून सांगत नाही. नवरदेव अंगठीने ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितो, आणि मुलगी दुसरीच होते. इंदिराबाई त्या तुम्हीच, हे कचेरीतल्या बाबूला पटेना. नाव बदललं तर कुठेतरी लिहिलं असेल, ते दाखवा म्हणाला.

"चावल में लिखा था," जाऊबाई म्हणाल्या.

"तो चावल ले आइए."

मागे उभे असलेले लोक हसले. मी सोबत होते. जाऊबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दाखला घडी करून कमरेला खोचला.

मग बाबूने सासरच्या माणसाची साक्ष मागितली. सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "ते नाव तुळशीपुढे दिवा लावायला दिलं होतं. मोटारीच्या कचेरीत मिरवायला नाही." माझा नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. तेव्हा साक्षीला मी गेले. बाबूने माझं नाव विचारलं, लग्नाआधीचं विचारलं, आणि पेन खाली ठेवलं. माझीही नावं दोन निघाली. "दीदी, पहले आपका गवाह लाइए," म्हणाला. जाऊबाई नागपूरलाही जाऊन आल्या. तिथले म्हणाले, गाडी तुमच्या राज्यात आहे, आम्हाला काय विचारता?

असे महिने गेले. टायर बसले. वर्ध्याहून त्यांच्या भावाचा निरोप आला, दिवाळी झाली की न्यायला येतो, तयार राहा. मी म्हटलं, भाऊ आहे, आसरा तर आहे. जाऊबाई म्हणाल्या, "त्याच्या घरी आधीच दोन विधवा हायेत. एक पोळ्या करते, एक भांडी घासते. मले धुणं भेटेल." आणि बॉनेटवर कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मी हात लावला नाही. हात लावून काय होणार होतं?

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्या शेवटचं म्हणून कचेरीत गेल्या. बाबूही कंटाळला होता. तो म्हणाला, मालकीण मेली असती तर सोपं होतं. वारस आला असता, पंचनामा आणला असता, काम झालं असतं. त्याने हे टाळायला म्हणून सांगितलं. जाऊबाई दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याच्या बसमध्ये बसल्या.

तिकडच्या एका गावात कोटवार होता. गावातले जन्म-मृत्यू तोच नोंदवायचा. त्याची सून अडली होती तेव्हा जाऊबाईंनीच तिला जीपमध्ये घालून जबलपूरच्या दवाखान्यात आणलं होतं. तरी तो घाबरला. जिवंत माणसाला कसं मारू म्हणाला. जाऊबाई म्हणाल्या, "मार दो भैया. इसके पीछे कोई रोनेवाला नहीं है."

त्याने लिहिलं. इंदिराबाई, विधवा, तापाने मृत. गावच्या पंचांनी अंगठे दिले की मयताची वारस एकच, तिची बिनलग्नाची बहीण गोदावरी. खरं सांगितलं तेव्हा साक्षीदार मिळत नव्हता. खोट्याला पाच मिळाले.

बाबूने कागद वाचले, जाऊबाईंकडे पाहिलं. इतके महिने तोच चेहरा पाहत होता. म्हणाला, "बहन की शकल बहुत मिलती है."

"एक ही माँ की हैं, बाबूजी."

त्याने शिक्का मारला. भली बाई होती असंही म्हणाला.

जाऊबाईंनी कागद देवापुढे ठेवला, ते चुकलं. माझ्या नवऱ्याने तो उचलून आईला वाचून दाखवला. सासूबाई त्या दिवशी किती तरी वर्षांनी थेट सुनेशी बोलल्या. "इंदिरा मेली म्हणतेस. मग तिची खोली कोणासाठी ठेवायची?" नवरा कुलूप घेऊन उभाच होता. जाऊबाईंनी वाद घातला नाही. "बरोबर हाय भाऊजी," एवढंच त्याला म्हणाल्या. ट्रंक आम्ही दोघींनी जीपमध्ये चढवली. मी नवऱ्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा उपयोगही झाला नाही. तो जेवला आणि झोपला.

जाऊबाई सिहोऱ्याला राहिल्या. वर्ध्याला गेल्या नाहीत. कधीतरी सदर बाजारात भेटायच्या, गाडीचा काही भाग घ्यायला आलेल्या. नवऱ्याला कळू नये म्हणून आम्ही दुकानाच्या आत उभ्या राहून बोलायचो. जीप चालली तोवर चालवली. मग पानाची टपरी टाकली.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. तेव्हा मला घरात अडवायला कोणी उरलं नव्हतं आणि विचारायलाही. बसने सिहोऱ्याला गेले. शेजारच्या बाईने चहा दिला. गोदा दीदीची खूप तारीफ केली, कुणाला कधी नाही म्हटलं नाही म्हणाली. मग मला विचारलं, आप उनकी कौन?

मी म्हटलं, त्यांच्या दिराची बायको.

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. "आप किसी और को ढूँढ रही हैं, अम्मा. हमारी दीदी की तो शादी ही नहीं हुई थी."

मी चहा संपवला. ज्या माणसाने ती मोडकी जीप नीट केली, सगळ्यांदेखत बायकोला चालवायला शिकवली, त्याचं नाव जाऊबाईंनी त्या गावात एकदाही घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर गाडी गेली असती.