गुळाची तुला

दुष्काळाच्या त्या सालात आमच्या वर्गात लठ्ठ अशी मी एकटीच होते. शाळेत सरकारी खाऊची सुकडी वाटायला आली की बाई मला ओलांडून पुढच्या मुलीच्या हातावर ठेवायच्या. "तुले कायले पाहिजे?" असं त्या एकदाच म्हणाल्या. पुढे म्हणण्याची गरज पडली नाही, मीच हात पुढे करायचं सोडलं. मुली मला ढोली म्हणत. वाशीमच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं, एवढ्यावर सगळ्यांना सगळं कळत होतं.

धाकटे काका कुठल्या कुठल्या सभांहून पत्रकं आणत. ती वाचूनच मी भराभर वाचायला शिकले. त्यांत एक चित्र वारंवार यायचं: पोत्यांवर बसलेला शेठ, त्याचं सुटलेलं पोट, आणि खाली बरगड्या निघालेली माणसं. मी ते चित्र पाहायची आणि मग फ्रॉकखालचं माझं पोट पाहायची. पत्रकात लिहिलेलं सगळं मला खरं वाटे, अजूनही बरंचसं वाटतं. पण पोट घेऊन जन्मलेल्या मुलीने करायचं काय, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

आईचं गणित निराळं होतं. माझ्याआधीची तिची दोन मुलं वाळून वाळून गेली होती. मी पोटात असताना ती शिरपूरच्या देवाला नवस बोलली होती की हे लेकरू जगून दहा वर्षांचं झालं तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन. त्यामुळे घरात माझ्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष. भाकरीवर तूप, तुपावर गूळ, आणि वर शेजारणीचं कौतुक, "कशी गुटगुटीत हाय वं पोरगी!"

दहावं संपत आलं आणि तुलेचा दिवस ठरला. दुकानासमोर, सगळ्यांदेखत मी तराजूत बसणार होते. वर्गातल्या मुली येणार होत्या. माझ्या मनाने घेतलं, जितकं हलकं होता येईल तितकं व्हायचं. सकाळची भाकरी गाईला घालायची, रात्री पोट दुखतं म्हणायचं. आई कपाळाला हात लावून बघायची. "काहून खात नाही तू? सांग ना वं मले." मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं.

तुलेच्या दिवशी दुकानासमोर बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. त्या साली गूळ फुकट मिळतो म्हटल्यावर कोण येणार नाही? मोठा तराजू टांगलेला, एका पारड्यात मी मांडी घालून. बाबा दुसऱ्यात ढेपा ठेवू लागले. पुढेच उभी असलेली वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, "अवं ढोले, दाबून बस ना. तेवढाच गूळ जास्त भेटंल."

तिच्या आवाजात चिडवणं नव्हतं. ती विनवत होती.

पारडी बरोबरीत आली तेव्हा आईने माझ्या वजनाच्या अंदाजाने मांडून ठेवलेल्या ढेपांतल्या काही तशाच उरल्या होत्या. गर्दीत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, "वरून टाका ना शेठ, देव काय पाहून राह्यला?" बाबा म्हणाले, "नवसाच्या काट्यावर वरून टाकत नाहीत." त्यांचा स्वभाव तसाच होता. आई मात्र उरलेल्या ढेपांकडे बघत उभी राहिली. मी तिच्या हातून निसटत चालले आहे असंच तिला वाटलं असणार.

"पोरगी उपाशी हाय," ती एकदम मोठ्याने म्हणाली. "उपाशी लेकराची तुला होत नाही. थांबा सगळे. जेवू घालते, मंग बसवते."

असा नियम कुठेच नव्हता. पण कोणीही हरकत घेतली नाही. उलट कोणीतरी ओरडलं, "पोटभर घाला, बाई!" आणि सगळे हसले.

मला आत नेऊन तिने पुढ्यात ताट ठेवलं. बाहेरची गर्दी दारातून दिसत होती, म्हणजे त्यांनाही मी दिसत होते. त्यांना मी जड हवी होते, आईला जड हवी होते. हलकी व्हायचं होतं ते फक्त मला, आणि तेही कोणासाठी, तर त्या दारातल्या माणसांच्या बाजूची व्हावं म्हणून. मी जेवले. वर दोन लोटे पाणी प्याले.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा बाबांना अजून थोडा गूळ फोडून ठेवावा लागला. माणसं खूश झाली. मला मात्र नुसता शीण आला होता. पाय बधिर झाले होते, उठता येईना. आईने हात पुढे केला. मी तो धरला. हातात नुसती हाडं आली. त्या साली घरात माझ्यानंतर कोण काय जेवत होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"ऊठ ना वं," ती म्हणाली, "लोकं थांबले हायेत." आणि तिने जोर लावून मला ओढून उभं केलं.