छपरीतलं तरट

जवस भाजताना एक क्षण असा येतो की कढईतले दाणे तडतडायचे थांबतात आणि मग त्यांचा वास घरभर पसरतो. थोडा तेलकट, थोडा मातीचा, उन्हात तापलेल्या जुन्या लाकडासारखा. कार्तिकातल्या सकाळी, तलावावरचं धुकं अजून विरलेलं नसताना, मी चुलीपुढे बसून हा वास घेते आणि मला पंचफुला आठवते. आठवते म्हणजे ती काही फार दूर गेलेली नाही. नागपुरात लेकीकडे आहे, फोनवर तिचा आवाज ऐकू येतो. पण नुसता आवाज यावा आणि माणूस येऊ नये, याला आठवणंच म्हणायचं, दुसरं काय म्हणणार?

पंचफुला माझी धाकटी जाऊ. पवनीकडे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमचं गाव. घर एक आणि चूलही एकच. ती सून होऊन आली तेव्हा मी दोन लेकरांची आई झाले होते, आणि तिची लेकरं नि माझी लेकरं कोणाच्या मांडीवर वाढली हे आता लेकरांनाही नीट सांगता येणार नाही. बाहेर बसण्याचे दिवससुद्धा आम्ही वाटून घेतल्यासारखे काढले. आमच्या घरी त्या दिवसांत बाईने चुलीला आणि देवाला शिवायचं नाही, पुढच्या छपरीत तरट टाकून बसायचं. ती बसली की घर मी सांभाळायची, मी बसले की ती. शेतीच्या घाईत हे सोवळंओवळं पुढे सैल झालं, बाई धानाच्या बांधीत रोप लावायला, रोवणीला, गेलीच. पण देवाच्या कामाला मात्र तो नेम राहिला.

माझं अंग उतरणीला लागलं ते मला एका रोवणीत कळलं. श्रावणाची झड लागलेली, बांधीतल्या गार चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतलेले, डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळेवर पाण्याचा एकसुरी ताशा वाजत होता आणि रांगेतल्या बाया गारठून एकमेकींना खेटून रोप लावत होत्या. अशा वेळी माझ्या छातीतून एक लाट उठली, गळ्यावरून कानांपर्यंत चढली, आणि भाताच्या गंजावरचं झाकण काढल्यावर तोंडावर वाफ यावी तशी मी आतल्या आत भाजून निघाले. खोळ फेकून मी पावसात तशीच उभी राहिले. बाया हसल्या. मीही हसले. पण त्या हसण्याखाली एक भय होतं, आपल्याच देहात कुणी परका राहायला आल्याचं.

पुढची काही वर्षं मी त्या परक्याशी जुळवून घेण्यात घालवली. कुणी शिकवलं नव्हतं. जे सुचलं, जे ऐकलं, जे करून पाहिल्यावर अंगी लागलं, ते धरलं, बाकीचं सोडलं. संध्याकाळचा चहा सुटला, कारण तो प्यायला की लाट हमखास यायची. दातांना तंबाखूचा गुडाखू घासायची सवय सुटायला फार त्रास झाला, पण तीही सुटली. दिवे लागायच्या सुमारास जेवण, अंगाला चिकटणाऱ्या साड्यांऐवजी धुऊन मऊ झालेली सुती लुगडी, रोजच्या जेवणात जवसाची चटणी, मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी, तीळ, ताक. आणि सकाळी तलावाच्या पाळीने चालणं. यातल्या एकानेही ती लाट थांबली नाही. पण ती येते आणि जाते, आपण उभेच राहतो, एवढा धीर आला. झोप परतली. भांड्यांवर निघणारा राग उतरला.

पंचफुलावर ही वेळ आली तेव्हा ती माझ्याहून जास्त खचली. खलबत्त्यातला बत्ता हातून पडला म्हणून ती अर्धा दिवस रडली होती. मी तिला माझ्या वाटेने नेलं. धुक्यातून वाळलेल्या गवताचा आणि शेवाळाचा मिसळलेला वास यायचा, पाण्यावर शिंगाड्याच्या वेलींचे हिरवे गालिचे अर्धवट दिसायचे, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यांचा चुबूकचुबूक आवाज यायचा, आणि आम्ही दोघी पदर डोक्यावर घेऊन पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो. शेत नाही, सरपण नाही, डोक्यावर घागर नाही. विनाकारण चालणारी बाई गावाने कुठे पाहिली होती? शेजारची सखूबाई दारातून विचारायची, "काहून वं, कोणाची गाय हरपली का?" पंचफुला म्हणायची, "आमचीच झोप हरपली सखूबाई, तेच ढुंडून राहिलो."

ती चालण्याने सावरली. तिचे दिवस थांबले, वर्ष सरलं, वर आणखी काही महिने गेले. चेहऱ्यावरची काळजीची सावली फिकी झाली. मला समाधान वाटत होतं, आणि खरं सांगू, थोडी उदासीही. ज्या गोष्टीला आम्ही जन्मभर कंटाळलो, जिच्यामुळे सणावाराला बाहेर बसलो, ती गेल्यावर घरातली एखादी ओळखीची वस्तू उचलून नेल्यासारखी मोकळी जागा मागे राहते. तिथे ऊन पडतं, पण ते ऊन उबदार नसतं. या मोकळ्या जागेवर कुठलीही चटणी नाही, कुठलंही चालणं नाही. आम्ही याबद्दल बोललो नाही कधी.

आमच्या घरी धान निघाल्यावर ‘नवं’ करतात. नव्या तांदळाचा पहिला भात शिजतो, देवाला आणि गाईला दाखवतात, मगच घर ते अन्न खातं. तोवर कोठीतला जुनाच तांदूळ. हा भात शिजवायचा मान ज्या बाईचं बाहेर बसणं संपलं तिचा. सासू होती तोवर तिने शिजवला, नंतर तो माझ्याकडे आला. गेल्या साली मी ठरवलं की यंदा पंचफुलाने शिजवायचा. या घरात आल्यापासून धाकटी म्हणून ती नेहमी पाणी आणायला, पाट मांडायला; एकदा तरी तिने चुलीपुढे मधोमध बसावं. मी चूल सारवली, नव्या गंजाला बाहेरून माती लावली, तांदूळ धुऊन ठेवला आणि तिला हाक मारली.

ती छपरीत बसली होती. तरटावर, भिंतीला टेकून.

"काहून वं, ये नं चुलीजवळ."

"तुमीच टाका भात, बाई. मी बाहेर आहो."

मला आधी कळलंच नाही. "बाहेर म्हणजे? तुझं तं कवाचंच बंद झालं होतं."

ती लाजली. पन्नाशी ओलांडलेली बाई नव्या नवरीसारखी खाली बघून हसली आणि म्हणाली, "तुमच्या जवसानं पुन्हा सुरू झालं."

नव्यासाठी आलेल्या बायांमध्ये हशा उसळला. सखूबाईने तर कमालच केली. "पंचफुले, मंग आता पाळणा टांगा लागते का वं?" माझा दीर, पंचफुलाचा नवरा, ओट्यावरून उठून मुकाट्याने गोठ्याकडे गेला, तेव्हा तर त्या आणखी हसल्या. मी भात शिजवला. पानं वाढली. नव्या तांदळाला एक दुधाळ, कोवळा गंध असतो, वर्षभर वाट पाहावी असा. त्या दिवशी तो माझ्या नाकापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मला माझी मामी आठवत होती. तिचंही थांबलेलं पुन्हा सुरू झालं होतं. घरच्यांनी गरमी म्हटलं, थंडावा म्हणून सब्जा पाजला. पुढच्या वर्षीचं नवं तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी पाळीवर मी तिला थांबवलं. धुकं इतकं दाट होतं की डोंग्यांचा आवाज यायचा आणि डोंगा दिसायचा नाही.

"पंचफुला, हे जवसाचं काम नाही. दवाखान्यात जा लागते."

"दवाखान्यात गेलं की काही ना काही निघतेच, बाई. नाही गेलं तं निघत नाही."

"कवापासून आहे?"

"रोवणीपासून. मधी मधी."

रोवणीपासून म्हणजे सारा पावसाळा. आणि मला आठवलं, मधूनमधून ती म्हणायची की आज देवाजवळ दिवा तुम्हीच लावा, माझी कंबर दुखून राहिली. मी दिवा लावायची. इतक्या वर्षांची सवय. ती बसली की मी, मी बसले की ती. आमच्या घरात बाईच्या रक्तासाठी एक जागा होती, एक तरट होतं, एक नेम होता, आणि म्हणूनच कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. तो नेम तिला इतके दिवस झाकत राहिला. आणि नव्याच्या भाताला मात्र तिला खोटं बोलवेना, म्हणून त्याच नेमाने तिला उघडंही पाडलं. याला काय म्हणावं, मला अजून उमगलेलं नाही.

"तुमीच तं म्हणत होत्या," ती म्हणाली, "का औषधपाण्याच्या मांगं लागू नको, अंगाले अंगाच्या चालीनं चालू दे."

"म्हणत होती. अंगातल्या आगीसाठी म्हणत होती, रक्तासाठी नाही."

ती पाण्याकडे वळली. मग हळूच, जणू तलावालाच सांगावं तशी बोलली, "पहिल्या दिवशी मले बरं वाटलं होतं, बाई. वाटलं, अजून आपलं काही उरलं आहे."

मी तिचा हात धरला. गार होता. घरी आल्यावर तिने आपली बरी साडी काढून ठेवली, आणि मला समजलं की ती यायला तयार आहे.

भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नागपूरला पाठवलं. नागपूरच्या दवाखान्यातल्या त्या लांबलचक बाकावर बसून मी पुष्कळ बाया पाहिल्या. कुणी घरून डबा आणलेला, कुणी पदराच्या टोकाशी चाळा करणारी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच, आपण उगाच सगळ्यांना त्रास देतो आहोत असा भाव. त्या बाकावर बसून मला आमच्या पाळीवरच्या चालण्याची, लुगड्याची, चटणीची कीव आली नाही. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. उतरणीवर चालायला काठी लागते तशी ती होती. पण पायात काटा मोडला असेल तर काठी काय करणार. तिथे खाली बसून पाय उजेडात धरावा लागतो, दुसऱ्या कुणाला दाखवावा लागतो. आणि आमच्या बायांना सगळं जमतं, एवढंच जमत नाही.

तिची गर्भाची पिशवी काढली. मग मशीनचे शेक सुरू झाले, कॅन्सरला देतात ते. मध्यंतरी बरं वाटलं, उन्हाळ्यात मोह फुलला तेव्हा ती येऊन काही दिवस राहूनही गेली; पहाटे मोहाच्या गोडसर वासात पाळीवर आली, पण अर्ध्यातूनच परतली. पावसाळ्यात पुन्हा नागपूर. आता डॉक्टर म्हणतात, पुढची तपासणी होऊ द्या, मग बोलू. या वाक्यातलं ‘मग’ किती लांब असतं, ते त्यांना कसं सांगावं.

परवा तिचा फोन आला. "धान निघालं का?" निघालं म्हटलं. "नवं झालं?" नाही म्हटलं. मग ती हसली, तिच्या जुन्या हसण्याचा एक तुकडा. "आता तं मी कायमचीच घरात आली, बाई. बाहेर बसाचं कामच नाही रायलं. यंदा भात मीच टाकीन. थांबसान नं?"

थांबेन म्हटलं.

म्हणून नवं धान पोत्यांत तसंच आहे आणि घर जुना तांदूळ खातं आहे. दीर रोज जेवताना ताटाकडे बघत विचारतात, "वहिनी, नवं कवा?" मी म्हणते, "करू." कुणासाठी थांबलंय ते त्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. सखूबाई हल्ली दारातून काही बोलत नाही; परवा मात्र मुठीएवढं जवस आणून ठेवून गेली, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

काल दिवेलागणीला मी उगाच छपरीत गेले. कोपऱ्यात तरट गुंडाळून ठेवलेलं होतं. ते पसरलं आणि बसले, भिंतीला टेकून, तिच्यासारखी. कितीतरी वर्षांनी बसले असेन. तिथून सारं घर दिसतं. चुलीतला जाळ, सुनेची पाठमोरी सावली, देवाजवळचा दिवा. घरातून मात्र छपरी दिसत नाही. अंधारात कुणीतरी बसलं आहे एवढंच कळतं, आणि बसलं आहे म्हणजे ठीक आहे, असं घर धरून चालतं. छातीतून ती ओळखीची लाट उठली, गळ्यापर्यंत आली. मी पदराने वारा घातला नाही. बसून राहिले, कुणी विचारतं का ते पाहत.

लाट ओसरली. मी उठून आत गेले आणि रात्रीच्या भातासाठी जुन्या तांदळाच्या कोठीत वाटी घातली. वाटी तळाला घासली.