काकांच्या वतीने

काकांनी काडी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा आणि डोळे न उघडताच ती माझ्यापुढे करून म्हणायचं, "घे. सांग आता."

काडीला कधी कोंबडी असे, कधी डुक्कर, कधी ईल मासा. काका जन्मात अंड्यालाही न शिवलेले. तरी टोकियोपासून नागोयापर्यंत सात ठिकाणी गाडी थांबवून आम्ही ही कवायत केली. दुसऱ्याच्या ताटाकडे न बघणारे शाकाहारी तुम्ही पाहिले असतील. दुसऱ्याच्या तोंडाने मांसाहार करणारा मी तरी हा एकच पाहिला.

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या खालच्या मजल्यावर राहत. पंचवीस वर्षं एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काढलेली, त्यामुळे जपानी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं. इमारतीतली मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणत. इथल्या नियमाप्रमाणे प्लास्टिकच्या बाटल्यांची लेबलं काढली नाहीत म्हणून त्यांनी एकदा माझी कचऱ्याची पिशवी खालून उचलून परत दारात आणून ठेवली होती, बाटल्या विसळून. लेबलं मात्र मीच काढावीत म्हणून तशीच ठेवली होती.

त्यांची एकुलती एक मुलगी नागोयाला. तिने एका याकितोरीवाल्याच्या मुलाशी लग्न केलं. याकितोरी म्हणजे कोंबडीचे तुकडे काडीला लावून कोळशावर भाजतात ते. काका तेव्हा फोनवर म्हणाले होते, "त्या धुरात मी पाय ठेवणार नाही." माणूस शब्दाचा पक्का, हीच त्यांची मोठी अडचण. दोन वर्षं तशीच गेली. नात झाली, चार महिन्यांची झाली, काकू तिला तीनदा भेटून आल्या, आणि काका मोबाइलवर तिचे फोटो बोटांनी मोठे करकरून बघत बसले.

मग मुलीचा निरोप आला. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सासरे घरच्यांसाठी काहीतरी भाजणार आहेत. "बाबा, तुम्ही खाऊ नका. पण ते पुढे ठेवतील तेव्हा तोंड वाकडं करू नका. या वेळी केलंत, तर मी परत बोलावणार नाही."

काकांनी हे काम ऑफिसच्या प्रोजेक्टसारखं हातात घेतलं. नुसतं तोंड सरळ ठेवून भागणार नाही, दोन शब्द बोलायलाही हवेत, आणि ते जाणकाराचे हवेत. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दोन तासांत पोचलं तर ते मिळणार कुठे? म्हणून भाड्याची गाडी, म्हणून वाटेतल्या गावागावचं भाजलेलं मांस, आणि म्हणून कोल्हापूरचा मी. काकू म्हणाल्या, "त्या गाडीत मी बसायची नाही," आणि सरळ ट्रेनने पुढे गेल्या.

हायवेवरच्या पहिल्या सर्व्हिस एरियात कोंबडी मिळाली. मी खाल्ली.

"सांग."

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे काय? तीस वर्षं कोंबडी भाजणाऱ्या माणसाला मी जाऊन चांगली आहे म्हणू? हा शब्द बंद."

त्यांनी वही काढली. मी चावता चावता सांगू लागलो, कातडी कुरकुरीत आहे, चरबी जिभेवर रेंगाळत नाही. ते सगळं लिहून घेत होते आणि मधूनमधून गाडीच्या आरशात स्वतःचं तोंड तपासत होते.

आत्सुगीला डुकराचं आतडं मिळालं. मी तसं सांगेपर्यंत त्यांनी वास घेतलाही होता. आरशात पाहिलं, तर तोंड वाकडं. पुन्हा घेतला, पुन्हा वाकडं. पाचव्या वासाला तोंड सरळ राहिलं आणि त्यांनी समाधानाने काडी माझ्या हातात दिली. तोवर ते आतडं गार होऊन चिवट झालं होतं.

फुजीच्या पायथ्याशी तर कहर झाला. टपरीवाल्या आजोबांनी पाहिलं, की एक वयस्कर गृहस्थ डोळे मिटून वास घेतात, स्वतः खात नाहीत, हाताखालच्या माणसाला चाखायला लावतात आणि वहीत टिपून ठेवतात. कुणीतरी मोठे परीक्षक आले अशी त्यांची खात्री पटली. डोक्याचा टॉवेल काढून ते वाकले आणि डुकराच्या आणखी तीन काड्या पुढे ठेवल्या, पैसे न घेता.

"नको म्हणणं बरं दिसत नाही," काका म्हणाले. ते बरं दिसावं म्हणून तिन्ही मी खाल्ल्या.

हामामात्सुला ईल खाताना माझ्या कपाळावर घाम होता. "गोडसर आहे. वर तांबडा रस्सा पाहिजे होता," मी म्हणालो. काकांनी तेही लिहून घेतलं.

नागोयाचं दुकान छोटंसं होतं, आठ खुर्च्यांचं. व्याही ठेंगणे, अबोल; जावई त्यांच्या मागे भट्टीपाशी. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. मुलगी बाळाला घेऊन काउंटरच्या टोकाला उभी होती आणि बापाच्या तोंडावरून नजर हलवत नव्हती. दुकानात मांसाचा वास अजिबात येत नव्हता. काकांचं नाक दिवसभर राबून थकलं होतं, त्यांना ते कळलं नसावं.

व्याह्यांनी दोन्ही हातांनी काडी पुढे ठेवली. काकांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले. मी काडीकडे पाहिलं आणि त्यांना थांबवायला तोंड उघडलं, पण ते पाठ केलेलं बोलू लागले होते, स्वच्छ, नम्र जपानीत. "कातडी कुरकुरीत आहे. चरबी जिभेवर रेंगाळणार नाही. यात तीस वर्षांचा हात दिसतो. पक्षीही सुखात वाढलेला असावा."

व्याही कमरेत वाकले. पाहुण्याने केलेली स्तुती दुरुस्त करायची त्यांची रीत नसावी.

"बाबा," मुलगी म्हणाली, "डोळे उघडा. भेंडी आहे ती."

काकांनी डोळे उघडले. भेंडीच होती. मागे वांगी होती, ढोबळी मिरची होती, मश्रूम होते. कोंबडी औषधालासुद्धा नव्हती.

"ओतोसाननी नवी जाळी आणली, सगळी भट्टी घासली," ती सासऱ्यांकडे बघत म्हणाली. "महिनाभर प्रॅक्टिस करतायत. आम्ही महिनाभर भेंडी खातोय."

काकांचं तोंड वाकडं झालं. दिवसभराची तालीम पाण्यात गेली, ओठ थरथरायला लागले आणि ते काही केल्या सरळ होईनात. मुलीने ते नीट पाहिलं, पुढे आली आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मी सवयीने काडीकडे हात नेला. काकांनी ती झटकन ओढून घेतली. "ही माझी," ते म्हणाले.

गेल्या वर्षी काका-काकू नागोयाला राहायला गेले. जाताना कुकर, तीन कुंड्या आणि ती वही मला देऊन गेले. खालच्या घरात नवीन कुटुंब आलंय. ते बाटल्यांची लेबलं काढत नाहीत आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. मला ते बघवत नाही, काकांची फार आठवण येते.

वहीत सात नोंदी आहेत, माझ्या शब्दांत, अर्ध्या अर्ध्या पानाच्या. आठवी त्यांची स्वतःची, एका ओळीची.

"भेंडी. चांगली आहे."