मालवणला निघालो आणि एका सहीच्या मागे लागलो

दिवाळी उरकली की दोन दिवस मालवणला जायचं, हे मी गणपतीतच ठरवून टाकलं होतं. देवगडात राहून मालवण धड न पाहिलेली मी बहुधा एकटीच सून असेन. मी मूळची पुण्याची, लग्नाला अकरा वर्षं झाली. नवऱ्याला आंब्याच्या बागेतल्या फवारणीतून फुरसत नव्हती, पण भाऊबिजेला आलेली माझी नणंद रंजना म्हणाली, "वयनी, मी येतंय तुझ्यावांगडा." मी खूश! किनाऱ्याचा रस्ता धरायचा, कुणकेश्वरला थांबायचं, आचऱ्याला नारळपाणी प्यायचं आणि जेवायला मालवण गाठायचं, असा सगळा बेत मी कागदावर लिहून काढला.

सकाळी सातला गाडी काढली. देवगडला लागून असलेलं जामसंडेही आलं नव्हतं, तेवढ्यात रंजनाने विषय काढला.

"वाटेत पाच मिनिटा थांबूचा आसा. एक सही घेवची आसा."

"कुठे?"

"वैभववाडीक."

नकाशा माहीत नसलेल्यांसाठी सांगते. देवगडहून मालवण दक्षिणेला, समुद्राकाठी. वैभववाडी पूर्वेला, घाटाच्या पायथ्याशी. "वाटेत वैभववाडी" म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाताना वाटेत नाशिक. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, आता नीट सांग.

रंजना आरोग्यसेविका आहे. चौदा वर्षं ती एकाच उपकेंद्रात आहे. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, तापाचे रुग्ण, आणि या सगळ्याची रजिस्टरं. तिला नर्सिंगचा पुढचा डिप्लोमा करायचा आहे. सरकारी नोकरीत असलेल्या बायकांसाठी तशी योजना आहे. पगारी अभ्यास रजा मिळते आणि फी-हॉस्टेलसाठी शिष्यवृत्तीही. पण वयाची अट आहे, आणि रंजनाची ही शेवटची संधी होती. तिचा अर्ज तीनदा परत आला होता. एकदा शाई काळी होती, निळी हवी होती. एकदा नमुना बदलला होता. तिसऱ्यांदा ज्या साहेबांनी शिफारस केली, त्यांचीच बदली झाली, म्हणून नव्या साहेबांची सही हवी, आणि ते त्या दिवशी वैभववाडीला बैठकीला होते. शेवटची तारीख? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच.

"हे मला आज सांगतेस?"

"आधी सांगितलंय असता तर तुझो बेत मोडलो असतो."

बेत तर आताही मोडलाच होता. मी गाडी तळेऱ्याच्या रस्त्याला लावली.

तळेऱ्यापर्यंत रस्ता बरा आहे, मधले काही खड्डे सोडले तर. नाक्यावर उसळपाव खाल्ला, दोघींचा मिळून शंभराच्या आत. चहा मात्र इतका गोड की चमचा उभा राहावा. हायवे ओलांडून पुढे गेलं की सह्याद्री समोर येतो. भात कापून झालं होतं, शेतात गवताच्या उडव्या उभ्या होत्या आणि डोंगरावर धुकं होतं. एरवी मी वीस फोटो काढले असते. त्या दिवशी रंजना शेजारी बसून अर्जाची पानं मोजत होती, आणि मला सगळ्याचाच राग येत होता, धुक्याचासुद्धा.

साहेबांची बैठक होती तिथे आम्ही साडेनऊला पोचलो. (खात्याचं आणि जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रंजनाला अजून तिथेच नोकरी करायची आहे.) बाहेरच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. बसा." आम्ही बाकावर बसलो. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. दर अर्ध्या तासाने रंजना उठून विचारायची आणि दर अर्ध्या तासाने तेच उत्तर यायचं. एक वाजता चहाचे कप गोळा करणारी बाई आमच्याकडे बघून थबकली.

"तुमी कोणासाठी बसलास?"

"साहेबांसाठी."

"ते गेले मगे! मागच्या दारान. जेवान करून मालवणाक जातले. उद्या थंय तपासणी आसा."

कारकून म्हणाला, "अर्ज ठेवून जा मॅडम, बघू." रंजना शांतपणे म्हणाली, "तीनदा ठेवून गेले आहे." तिने अर्ज पिशवीत घातला आणि आम्ही निघालो. मी गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की तीच माझ्याकडे दचकून बघायला लागली.

वैभववाडीच्या बाजारातल्या एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली. ती इतकी चांगली होती की माझा राग दहा मिनिटं विसरला गेला. त्या बाजूला गेलात तर जरूर खा. मग कणकवली, कसाल आणि मालवण. सव्वादोन तास लागले. म्हणजे अखेर मालवणला पोचलो, पण अख्खा जिल्हा पालथा घालून.

किनाऱ्याजवळ एका काकूंच्या घरी खोली मिळाली, दोघींना बाराशे. स्वच्छ चादरी, अंगणात तुळस, आणि जेवायला बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण. मावळतीला आम्ही वाळूत जाऊन बसलो. समोर सूर्य पाण्यात उतरत होता, आणि माझ्या शेजारची बाई फाइल मांडीवर घेऊन गुणपत्रिकेच्या झेरॉक्स लावत बसली होती. माझा संयम संपला.

"रंजना, पुरे! कायमची नोकरी आहे, पगार आहे, गावात मान आहे. कशाला एवढा आटापिटा?"

तिने फाइल बंद केली.

"गेल्या पावसात एका बायचा बाळंतपण अडला. व्हाळाक पूर, गाडी येवक दोन तास. काय करूचा ता माका दिसत होता वयनी. इतकी वर्सा बघतंय. पण ता करूचा शिक्षण माझ्याकडे नाय, म्हणान हात लावक भियालंय. नुसतो तिचो हात धरून बसलंय."

"मग?"

"दोघा वाचली. देवाची कृपा. पण दुसऱ्यांदा मी तशी बसूचंय नाय."

त्यानंतर मी मालवणच्या बेताबद्दल एक शब्द काढला नाही. तिच्या झेरॉक्सना टाचण्या मारून दिल्या.

साहेब लोक कुठे उतरतात ते काकूंनी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आधी आम्ही त्या विश्रामगृहावर हजर. या वेळी मी मागच्या दाराशी उभी राहिले आणि रंजना पुढच्या. हसू नका, अनुभवातून माणूस शिकतो. साहेब पुढूनच बाहेर आले, हातात चहा. पन्नाशीचे असतील, बोलायला अगदी सभ्य. मी धावत पुढे गेले. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"रंजनाताई, तुमचं काम उत्तम आहे. अडचण तीच आहे. तुम्ही गेलात तर उपकेंद्र कोण बघणार?"

ऑफिसच्या माणसाशी बोलताना रंजनाची मालवणी लगेच आत जाते. ती म्हणाली, "सर, शेजारच्या उपकेंद्रातले आरोग्यसेवक ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा दहा महिने दोन्ही उपकेंद्रं मी बघितली. तेव्हा हा प्रश्न कुणी काढला नव्हता."

"ते वेगळं होतं."

"कसं, सर?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला घर आहे, मुलगी दहावीत आहे. या वयात हॉस्टेल, परीक्षा... झेपणार आहे का? मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

मी तोंड उघडलं होतं. रंजनाने माझा हात दाबला.

"बरं सर. मग 'शिफारस करत नाही' असं लिहून द्या. कारण लिहा, तारीख घाला आणि सही करा. मी तेच पाठवते."

आतून चमच्याचा आवाज येत होता.

"तसं लिहायची काय गरज आहे?" साहेब म्हणाले.

"अर्जावर दोनच चौकोन आहेत, सर. एकात खूण हवीच. तिसरा असता तर मी आणखी थांबले असते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे. मग खिशातून पेन काढलं, 'शिफारस करण्यात येते' या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली. चार सेकंद लागले असतील. जाता जाता म्हणाले, "चार्ज नीट देऊन जा." आवाजात राग नव्हता. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

रस्त्यावर आल्यावर रंजना एका पायरीवर मटकन बसली. "वयनी, माझो आवाज चढलो काय गो?"

"नाही गं. चढवायला हवा होतास."

साडेदहा वाजले होते. मला वाटलं, आता होडीने किल्ला! जेट्टीवर गेलो, होडी भरत होती, होडीवाला हाका मारत होता, "दोन जागा आसत, येवा!" तेवढ्यात रंजनाच्या लक्षात आलं की अर्ज ओरोसला, जिल्ह्याच्या ऑफिसात, हातोहात द्यायचा आहे आणि दुपारी तिथे कोण जागेवर असेल याचा नेम नाही. मी समुद्रातल्या त्या तटाकडे तोंड करून दोन मिनिटं उभी राहिले, एक फोटो काढला आणि गाडीकडे वळले. होडीवाल्याला वाटलं असेल, भाव पटला नाही.

ओरोसला अपेक्षेप्रमाणे खिडकीवर कुणी नव्हतं. मग कुणी आलं, तर त्यांना आणखी एक प्रत हवी होती. झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. शेवटी चार वाजून दहा मिनिटांनी पोचपावती हातात पडली. रंजनाने तिचा आधी मोबाईलवर फोटो काढला, मग ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. दिवेलागणीला आम्ही देवगडात. नवऱ्याने विचारलं, "कसं आहे मालवण?" मी किल्ल्याचा तो एकच फोटो त्याच्यापुढे धरला.

तुम्ही मालवणला जाणार असाल तर किनाऱ्याचा रस्ता धरा, दोन रात्री ठेवा, किल्ल्याला सकाळीच जा, आणि सोबत कुणाची फाइल नाही ना, ते निघायच्या आधी तपासा. हे मी चिडूनच लिहिते आहे. जी बाई चौदा वर्षं सरकारचं काम करते, तिने त्याच सरकारच्या योजनेसाठी चोरासारखं दोन दारांवर पाळत ठेवावी, याची चीड अजून गेलेली नाही. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, सोबतीला वहिनी नाही, त्या बायका त्या बाकावरूनच घरी परत जात असणार.

यादीत रंजनाचं नाव आलं. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता अजून यायचा आहे, त्याची फाइल कुठल्या टेबलावर आहे ते शोधणं चालू आहे. मुलीला आणि घराला तिचा नवरा सांभाळतो, कुरकुरत का होईना. ती हॉस्टेलवर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला.

"वयनी, वर्गात पाय ठेवलंय तर सगळी पोरां उठान उभी रवली. बाई इली म्हणान."

"मग तू काय केलंस?"

"मी म्हटलंय, बसा गो, बसा. आणि जरा सरका. माका पण बसाक जागा द्या."