सेट हाय, मास्तर!

"सेट हाय!" असं म्हणून ते दोन्ही तळहात एकमेकांवर झाडायचे. हाताला धूळ असो वा नसो, झाडायचेच. म्हणजे काम संपलं, आता त्यात कुणीही लुडबुड करायची नाही.

आमच्या गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मूळचे नेसरीचे, पण हयात गेली कोल्हापुरात, सिनेमाच्या एका स्टुडिओत. तिथल्या सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असे. राजाचं सिंहासन, पाटलाचा झोपाळा, डॉक्टरची बॅग, सगळं त्यांच्या ताब्यात. तिथेच कधीतरी हा इंग्रजी शब्द त्यांना भेटला आणि जन्माचा चिकटला.

स्टुडिओत उभारलेलं खोटं गाव म्हणजे सेट, इथवर तुम्हालाही पटेल. पण चाचांच्या घरी दहीसुद्धा सेट व्हायचं. कुणाला नोकरी लागली, सेट. वस्तादांनी तालमीत निखळलेला खांदा बसवला, सेट. चाचींची कवळी हा दातांचा सेट, आणि ती वाटीतून तोंडात गेली की तोंडही सेट. एकदा शेजारचे म्हातारे वारले. तिरडी बांधून झाली आणि सवयीने चाचांच्या तोंडून तेच निघून गेलं. मयताला आलेली माणसं उपरण्यात तोंड घालून हसली.

माझे वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांचा जीव तळमळायचा.

"अहो चाचा, एका शब्दाला किती राबवाल?"

"फुकटात राबतोय की, मास्तर. तुमचं काय जातंय?"

वडिलांनी एकदा हट्टाने जाडी डिक्शनरी काढली. पानं उलटत गेले, उलटत गेले, आणि ती मिटून ठेवली. त्या शब्दाच्या अर्थांचा पसारा संपतच नव्हता. चाचांना हे कळलं असतं तर त्यांनी गल्लीत साखर वाटली असती, म्हणून आम्ही कळू दिलं नाही.

चाचांचा खरा उद्योग वेगळाच होता. गल्लीत कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे असले की चाचा सकाळी हातगाडी घेऊन दारात हजर. गाडीवर स्टुडिओतला सोफा, फुलाफुलांच्या कपबशा आणि एक भलामोठा रेडिओ. पाहुणे गेले की सामान शूटिंगला परत. स्टुडिओच्या मॅनेजरला हे ठाऊक होतं की नाही, ते गल्लीने कधी विचारलं नाही. गल्लीतल्या किती मुली त्या तपकिरी सोफ्यासमोर बसून पसंत झाल्या! त्याच सोफ्यावर बसून पडद्यावरच्या श्रीमंत बापांनी पोरींना घराबाहेर काढलं होतं, ते सोडा.

माझी वेळ आली तोवर तीन स्थळं परत गेली होती. तिघांनीही पत्रिकेचं कारण सांगितलं. पण आमच्या दोन खोल्या आणि वेत तुटलेली खुर्ची बघून त्यांचे चेहरे कसे पडले, ते मी पाहिलं होतं. चौथं स्थळ गडहिंग्लजचं होतं. मुलगा बँकेत, घरचा ऊस. चाचांचं सामान वडिलांना मुळीच नको होतं. हे स्थळ गेलं तर पुढचं येणार नाही, असं म्हणून आई रडली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. आणि खरं सांगू? फोटो बघून तो मुलगा मला आवडला होता. हे स्थळ जाऊ नये असं घरात सगळ्यांत जास्त मलाच वाटत होतं.

"सेट हाय पोरी. तू फकस्त हसू नगंस," चाचा मला म्हणाले आणि कपबशांवर लक्ष ठेवायला स्वयंपाकघराच्या पडद्याआड जाऊन बसले.

पाहुणे आले. मुलाचे वडील सोफ्यावर टेकले आणि सारखे इकडून तिकडे सरकू लागले. मला वाटलं, मीच पसंत नाही. तेवढ्यात त्यांची नजर रेडिओवर गेली.

"व्वा! लावा की मास्तर. गुळाचा भाव ऐकू या."

आता त्या रेडिओच्या पोटात काहीच नव्हतं. सिनेमासाठी केलेलं ते नुसतं लाकडी खोकं. वडिलांनी बटण फिरवलं. आणि पडद्याआडून आवाज आला, "कोल्हापूर बाजारपेठ. आज गुळाची आवक चांगली झाली. भाव चढेच राहिले."

जन्मात पहिल्यांदा चाचा शुद्ध मराठी बोलत होते.

पाहुणे खूश झाले. "आता सांगली लावा की." वडिलांनी बटण पुन्हा फिरवलं. चाचांनी नाक दाबून सांगली लावली. मग त्यांना ठसका लागला. खोकून खोकून रेडिओ म्हणाला, "माफी असावी."

मी फुटलेच. पदराचा बोळा तोंडात कोंबूनही हसू थांबेना. मुलगा माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "भारी रेडिओ आहे की. वायर नाही तरी चालतोय."

 आईने डोळे मिटले. माझं हसू जागच्या जागी गोठलं. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात पडदा सारून चाचा बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले.

"पावणं, सोफा, कपबशा, ह्ये खोकं, समदं मी आणलंय. मास्तर नगंच म्हणत हुतं. काय बोलायचं ते मला बोला. पोरीला बोल लावू नगासा."

मुलाचे वडील उठले. निघाले, असंच आम्हाला वाटलं. पण ते भिंतीकडेला गेले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि करकरा पाठ खाजवू लागले.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? मघाधरनं ढेकणांनी फोडून काढलंय मला! आणि गुळाचा भाव तरी खरा हाय का?"

"न्हाय पावणं. त्योबी माझाच."

"हात्तिच्या!" म्हणून ते असे हसत सुटले की फेटा सुटायची वेळ आली. त्याच दुपारी सुपारी फुटली. चाचा मात्र खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत कपबशा गोळा करत राहिले.

पुढे काही वर्षांनी चाचा गेल्याचा निरोप आला. मी आणि हे मिळेल त्या एस.टी.ने निघालो. कुरुंदवाडला दिलेली शेजारची शकू आली, गल्लीतल्या आणखी कितीतरी जणी आपापल्या सासरहून आल्या. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या लक्षात आलं, की चाचांच्या घरात कुणाला बसायला द्यायला एकही खुर्ची नव्हती. दारात माणसं ताटकळत उभी होती.  आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि आपापल्या माहेरी पळालो. खुर्च्या आणल्या, सतरंज्या आणल्या, ज्या हाती लागल्या त्या कपबशा आणल्या.

नेसरीहून आलेली त्यांची म्हातारी आत्या उंबऱ्याशी बसून आमची ये-जा बघत होती. चाचांना एकच मुलगा, एवढंच तिला माहीत होतं. तिने चाचींचा हात धरून विचारलं, "का गं, याला पोरी किती?"

चाची म्हणाल्या, "कधी मोजल्याच न्हाईत."