हिरवं असेल तरच निघ

पुनावळ्यात पाऊस पडत होता, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे भिजत होते, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, हॉलमध्ये बसून सांगत होते की दूरच्या टोंगा बेटांवर आज स्वच्छ ऊन आहे. आई कपडे काढून आत आली आणि तिने ओला टॉवेल मुद्दाम त्यांच्या पायाशी पिळला. अण्णांनी पाय वर घेतले. मोबाइलवरची नजर मात्र हलली नाही.

हे वेड लागलं ते धाकट्यामुळे. माझा धाकटा भाऊ हॉटेलचं शिक्षण घेऊन फिजीच्या एका चिमुकल्या बेटावर आचारी म्हणून गेला. बेट एवढंसं की, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, सकाळी फिरायला निघालं तर चहाच्या आत आपल्याच पावलांचे ठसे समोर येतात. तिथून मोठ्या बेटावर जायला आठवड्याला दोनच बोटी, मंगळवारी आणि गुरुवारी, आणि वाट चार तासांची. अण्णांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पवना धरण, तेही काठावरून. पोरगं चहूबाजूंनी पाण्यात बसलंय या विचाराने ते रात्री उठून बसायचे. पण आमच्याकडे बाप मुलाला ‘बरा आहेस का’ असं सरळ विचारत नाही. अण्णा फोनवर विचारायचे, “वारं कुठलं हाय?” मला, रोज चाकणच्या ट्रकांमधून वाट काढत जाणाऱ्या थोरल्याला, त्यांनी वाऱ्याचंही कधी विचारलं नाही.

वाऱ्यातलं त्यांना कळायचं, हे कबूल केलं पाहिजे. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी आमचंच वावर होतं. मुंग्यांनी अंडी कुठे हलवली, वारं डोंगराकडून आलं की उलटं, यावरून ते पावसाचं सांगायचे आणि गावातले लोक त्यांना विचारून पेरायचे. आता आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. मुंग्या खाली राहिल्या. खिडकीतून समोरच्यांची धुणी दिसतात आणि आभाळ बघायचं तर मान बाहेर काढावी लागते, जी आई काढू देत नाही. एवढं कसब असलेल्या माणसाला अंदाज बांधायला जागाच उरली नव्हती. म्हणून त्यांनी पॅसिफिक महासागर घेतला.

इथवर ठीक होतं. पुढचा घोळ माझा.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे, म्हणजे तयार माल तपासून पास-नापास करतो. क्वालिटीतल्या माणसाला कुणी आपलं आपलं काही करत असलेलं बघवत नाही. अण्णा दिवसभर मोबाइलमधला वाऱ्याचा रंगीत नकाशा बघून पुटपुटतात, हे मला फारच अव्यवस्थित वाटलं. मी कंपनीतून भंगारात निघालेली पांढरी पाटी रीतसर गेटपास करून आणली, हॉलमध्ये ठोकली आणि रकाने आखले: बेट, वारा, लाट, शेरा. बेटांच्या रकान्यात धाकट्याचं बेट आणि त्याच्या शेजारची टोंगा, सामोआ. सोबत लोहचुंबकाच्या लाल, पिवळ्या, हिरव्या गोल टिकल्या. मग अण्णांना समोर बसवून नियम शिकवले. हिरवं म्हणजे ओके. पिवळं म्हणजे सावध. लाल म्हणजे लाइन बंद. आणि हिरवं नसेल तर होल्ड, म्हणजे माल जागचा हलवायचा नाही. सगळ्या जगात असंच चालतं, असंही मी नाकाने कांदे सोलत सांगितलं. त्या नकाशाच्या तळाशी रंगांची एक बारीक पट्टी होती. ती अण्णांना चष्म्याशिवाय दिसली नाही आणि मी चष्मा लावूनही बघितली नाही.

अण्णांनी पाटी मनावर घेतली. सकाळी सहाला आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते टिकल्या लावायचे. देवळात जाताना आईला बजावायचे की मी येईस्तोवर सामोआवर लक्ष ठेव. आई म्हणायची, सामोआ उतू गेलं तर गॅस बंद करीन. देवळाच्या पायऱ्यांवर बसणारी मंडळी त्यांना चढ्या आवाजात टोंगाची खबर विचारायची आणि अण्णांना ती थट्टा आहे हे कळूनही ते सविस्तर उत्तर द्यायचे. नवव्या मजल्यावरून ते पॅसिफिक हाकत होते आणि उंटावरून शेळ्या हाकायची ही सोय मीच केली म्हणून मी खूश होतो.

मग स्थळ आलं. मुलगी पिंपळे गुरवची, वडील आकुर्डीच्या कंपनीतून निवृत्त झालेले. धाकटा दोन वर्षं लग्नाला नको म्हणत होता, या वेळी फोटो बघून तो एकदम सुट्टीच्या अर्जाचं बोलायला लागला. रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला. शुक्रवारचं विमान मोठ्या बेटावरून, म्हणजे बोट मंगळवारची किंवा गुरुवारची. अण्णांनी त्या आठवड्यात दुसऱ्या कशात लक्षच घातलं नाही. पोरगं पाण्यावरून सुखरूप यावं आणि रविवारी सोफ्यावर बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. बोट निघायची तिथल्या दुपारी एकला, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. धाकट्याने निर्णय अण्णांवर सोपवला होता.

मंगळवारी सहाला अण्णांनी मला हाक मारली. नकाशावर धाकट्याच्या बेटाभोवती सगळं निळंशार होतं. निळी टिकली आमच्याकडे नव्हती, अशा दिवशी अण्णा रकाना मोकळाच ठेवायचे. अण्णा म्हणाले, निळं म्हणजे पाणी बरंच दिसतंय. मी दात घासता घासता विचार केला आणि निकाल दिला: नियमात बसत नाही, होल्ड. अण्णांनी फोन करून सांगितलं, “हिरवं असंल तरच निघ.” धाकटा म्हणाला की इथे समुद्र ताटातल्या वरणासारखा पडलाय. पण तो लहानपणापासून अण्णांच्या शब्दाबाहेर नाही. बोट त्याला सोडून गेली.

गुरुवारी नकाशा हिरवागार. मी अण्णांच्या पाठीवर थाप मारायचाच बाकी होतो. पण अण्णा फोन कानाला लावून खिडकीशी उभे होते. मग त्यांनी फोनवर हात ठेवला.

“नारळ वाकल्यात म्हणतोय. बोटवाला बी मान हालवतोय. मग हिरवं कसं?”

“अण्णा, डेटा बघा. नारळाचं काय घेऊन बसलाय?”

अण्णांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुलाला सांगितलं की निघ.

चार तासांनी फोन यायला हवा होता, तो आला नाही. मी कंपनीत होतो. साडेदहाला, अकराला, साडेअकराला आईचे फोन आले की ते पाटीसमोर उभे आहेत, बसत नाहीत, चहाला शिवले नाहीत. मी एका चांगल्या पार्टवर चुकून नापासाचा लाल टॅग लावला. मला भीती वाटली, हे आता लिहायला हरकत नाही. दुपारी साडेबाराला घरी धाकट्याचा फोन आला. तो म्हणाला, “पोचलो,” आणि मग त्याच्या तोंडून शब्दांऐवजी दुसरंच काही बाहेर आलं. आई सांगते की अण्णांनी हिरवी टिकली काढली, उलटसुलट करून बघितली आणि देवासमोर ठेवून दिली.

रविवारी पाहुणे आले तेव्हा धाकटा सोफ्याचा हात घट्ट धरून बसला होता. त्याच्या मते आमचा हॉल अजून डुलत होता. कांदेपोह्यांची बशी समोर आल्यावर त्याने डोळे मिटले. मुलीचे वडील पाटी बघून हरखले. त्यांच्या कारखान्यातल्या शॉपला अश्शीच पाटी होती म्हणे, आणि घरात इतकी शिस्त असलेली माणसं त्यांनी पहिल्यांदाच बघितली. मी मान जराशी झुकवून ते स्वीकारलं.

मुलीने धाकट्याला विचारलं की बरं नाही का. दुसऱ्या कुणी पित्ताचं निमित्त सांगितलं असतं. याने खरं सांगितलं: सहा तास ओकलो, शेजारच्या बाईच्या टोपलीत ओकलो, त्या टोपलीत कोंबडी होती, तीही माझ्याकडे बघून तोंड फिरवत होती. मुलगी हसता हसता पोह्यांवर वाकली. मग उठून पाटीपाशी गेली, बारकाईने वाचली आणि अण्णांकडे मोबाइल मागितला. बोटाने नकाशा वर सरकवून तिने तळाची ती पट्टी वाचली.

“काका, यात निळं म्हणजे शांत आहे. हिरवं म्हणजे वारा सुटलेला.”

अण्णांनी घसा साफ केला.

“ही पद्धत आमच्या थोरल्यानं बसवली. चाकणला क्वालिटीत हाय त्यो.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातला चहा प्यायलो. कप रिकामा होता. मुलीच्या वडलांनी, बहुधा आपल्या सगळ्या नोकरीचा विचार करून, दुसरीकडे तोंड वळवलं. मला वाटलं होतं अण्णा आता हसतील आणि विषय संपेल. पण ते हसले नाहीत. हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, “नारळ वाकला व्हता. मला कळत व्हतं, आन् मी पाटीचं ऐकलं.” मला इतकी लाज कंपनीच्या कुठल्या ऑडिटमध्ये वाटली नाही.

मुलीने मोबाइल त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, “मग इथून पुढं आधी नारळाचं विचारत जा.”

लग्न झालं, हे सांगायला नकोच. ती त्या बेटावर गेली आणि तिथल्या शाळेत शिकवते. रोज सकाळी सहाला, अण्णा वाऱ्याचं विचारायच्या आधीच तिचा फोन येतो. अण्णा, आज निळं. अण्णा विचारतात, आन् नारळ? ती सांगते, सरळ आहे. मग ते चहाचा कप उचलतात. आमच्या घरात आता शांत माणसाला निळा म्हणतात. आई हिरवी असली की मी कंपनीत ओव्हरटाइम मागून घेतो.

पाटी मी काढून टाकणार होतो, अण्णांनी काढू दिली नाही. मागच्या महिन्यात चाकणच्या रस्त्यावर एक कंटेनर आडवा झाला आणि मी दोन तास अडकलो. मोबाइलही मेला होता. घरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते आणि अण्णा पाटीसमोर उभे होते. टोंगा आणि सामोआच्या खाली त्यांच्या वळणदार अक्षरात आणखी एक ओळ होती: चाकण. अक्षरं पुसट झाली होती, म्हणजे ती बरीच जुनी असणार. मी पाटीकडे पाहणं सोडलं होतं, म्हणून मला दिसली नव्हती. ओळीसमोर हिरवी टिकली होती. मी चपला काढत होतो तेवढ्यात अण्णांनी ती काढली आणि तिच्या जागी पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण चिकटपट्टीने लावलं. मग मला म्हणाले, “हात-पाय धू, जेवायला बस.”