चंपाबाईचे साडेतीन दिवस

आमच्या खैरटोल्याच्या चंपाबाईले सरकारी कागदावर काहीच पद नाही. पण घोडनाल्याचं पाणी कोणाच्या वावरात कवा जाईन, हे तिच्या फावड्यावर ठरते. पाणी वाटणाऱ्याले आमच्याकडं पाणकर म्हणतात. सासरा पाणकर होता, मंग नवरा. नवरा मेल्यावर गावातले लोकं चौकात बसून नवा पाणकर शोधत होते, तवर ही फावडं घेऊन पाटावर गेलीबी होती. मंग कोण शोधते?

हा नाला म्हणजे सीमा. अल्याड आमी, बालाघाटवाले, मध्यप्रदेश. पल्याड बिजाटोला, गोंदिया जिल्हा, महाराष्ट्र. मधात दोन्ही गावांनी मिळून घातलेला एकच बंधारा, त्याले दोन तोंडं. एक तोंड उघडलं की दुसरं फळी टाकून बंद कराचं, नाही त दोघांच्याबी पाटात नुसता चिखल. छप्पन साली राज्यं वेगळी झाली तवा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी हातात पाणी घेऊन करार केला. लिहिता कोणाले येत नव्हतं, घड्याळ नव्हतं, पण बाजार कोणी चुकवत नव्हतं. म्हणून ठरलं असं: आमच्या बाजारापासून त्यांच्या बाजारापर्यंत पाणी आमचं, त्यांच्या बाजारापासून आमच्या बाजारापर्यंत त्यांचं. आमचा बाजार रविवारी, त्यांचा बुधवारी. आमाले तीन दिवस, त्यांले चार, काहून की त्यांची जमीन जास्त.

टीव्हीवर दोन देशांचे साहेब नदीच्या पाण्यासाठी कोट घालून बसलेले दिसले की चंपाबाई म्हणे, "याईले एक बाजार भरवून द्या रे कोणी."

अन् यंदा बाजारानंच घात केला. बुधवारी दुकानदार भेटत नाहीत म्हणून बिजाटोल्याच्या पंचायतीनं आपला बाजार शुक्रवारी नेला. तवा पाऊस धो धो होता, पाण्याचा विचार कोणाच्या मनात नाही आला. पोळा झाला आन पावसानं पाठ फिरवली. धान पोटरीत, आन आभाळ कोरडं. पहिला उजेड पडला आमच्या प्रेमलालच्या डोक्यात. त्याचं वावर पाटाच्या तोंडाशी.

"काकू, त्याईचा बाजार शुक्रवारी. म्हणजे पाणी आपल्याले पाच दिवस! करार करारच असते ना?"

"हौ," चंपाबाई म्हणाली.

"मंग बुधवारी फळी टाकाची नाही."

 तिचं स्वतःचं वावर पाटाच्या शेपटीवर, आणखी चार घरांच्या वावरासंगं. तीन दिवसांत पाणी तेथपर्यंत कधीच नीट जात नाही. पाच दिवसांत गेलं असतं. मंगळवारी तिनं आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, टाच दाबून पाह्यली, त भेगेत अंगठा गेला. दोन-तीन दिवसांत पाणी नाही भेटलं त लोंबी पोचट, हे तिले कोणी सांगाची गरज नव्हती.

बुधवारी सकाळी ती बंधाऱ्यावर आली, मागं आमचं गाव. पल्याड बिजाटोल्याचा पाणकर भोजराज, मागं बंधारा फोडाले सब्बल घेतलेले वीस लोकं. भोजराज तिचा इवाई. तिची पोरगी रचना त्याच्याच पोराले दिली आहे.

"इहिनबाई, फळी तुमी टाकता का आमी टाकू?"

"इवाईबुवा, एवढे लोकं आणले, वरात आहे का कोणाची?"

"वरातच समजा. पोरगी दिली, आता पाणी द्या."

"पोरगी नेली तवा तुमचा बाजार बुधवारी होता."

दोन्हीकडं हासू फुटलं. भोजराजनं डोकं खाजवलं. "बाजार पंचायतीनं बदलवला."

"पंचायतीत तुमी हात वर नाही केला का? तवा पाणी नाही आठवलं?"

"नाही आठवलं," भोजराज म्हणाला. खोटं बोलाची त्याले सवय नाही. "पाऊस पडून राह्यला होता."

"पाच दिवस, काकू! सोडू नोका!" प्रेमलाल मागून ओरडला.

चंपाबाई बंधाऱ्यावर खाली बसली, पाय पाण्यात सोडून. पाणकर बसला की उभ्या माणसानं बोलाचं नाही, हा आमच्या नाल्याचा कायदा. भोजराज बसला. प्रेमलाललेबी धुतलेल्या पँटनं चिखलात बसा लागलं.

"पाच दिवस मले पचणार नाहीत," ती म्हणाली. "तुमचं धान मेलं त माही पोरगी काय खाईन? आन तुमी बंधारा फोडला त आमी काय खाऊ? पण चूक तुमची, ती फुकट नाही जाणार. या हंगामापुरते साडेतीन दिवस आमाले, साडेतीन तुमाले. आज सांजपर्यंत पाणी आमचं. पुढच्या साली पुन्हा तीन आन चार, पण बाजारावर नाही, वारावर. बाजार मंग आभाळात भरवा."

पल्याड कुजबुज झाली. "अर्धा दिवस कायले द्याचा?" एकानं विचारलं.

"चूक केली म्हणून," भोजराज त्याच्याकडं न पाहता म्हणाला. "कबूल, इहिनबाई."

मंग ती आपल्या लोकांकडं वळली. "हा अर्धा दिवस शेपटीचा. वरची सारी तोंडं बंद."

"अन् माह्यं वावर?" प्रेमलाल.

"तुह्यं तीन दिवस पेलं. आता त्याले अजीर्ण होईन."

"शेपटीचं म्हणजे तुमचंच ना, काकू?" त्यानं टोमणा मारला.

"हौ, माह्यंबी आहे. म्हणून माह्यं सगळ्यात शेवटी."

प्रेमलालच्या वावराचं तोंड तिनं स्वतः माती घालून बुजवलं. दिवसभर ती पाटासंगं चालत राह्यली, चार घरांच्या बांध्या एकामागं एक भरल्या. दिवस कलला तवा पाणी तिच्या वावरात शिरलं. तिच्या सहा बांध्या. सूर्य टेकला तवर चार ओल्या झाल्या, चढावरच्या दोन राह्यल्या.

ती बंधाऱ्यावर आली. भोजराज तेथी उभा होता.

"किती राह्यल्या?"

"दोन."

"घ्या अर्धा घंटा. मी काही बोलत नाही."

"आज मी अर्धा घंटा घेतला त उद्या तुमचे वीसबी लोकं मले अर्धा अर्धा घंटा मांगतीन," ती म्हणाली. तिनं फळी टाकली, फटीत चिखल भरला आन टाचेनं दाबला. मंगच भोजराजनं आपली फळी काढली.

त्या दोन बांध्या तगल्या नाहीत. पुढं कापणीले ते पोचट धान तिनं बैलाईले घातलं. पण त्या बुधवारानंतरच्याच रविवारी सकाळी ती पाणी उघडाले गेली त प्रेमलाल तिच्या आधीच बंधाऱ्यावर, हातात फावडं.

"तोंडापासून का शेपटीपासून?" त्यानं विचारलं.

"शेपटीपासून."

प्रेमलाल आपल्याच वावराचं तोंड बुजवाले खाली वाकला.